मालाच्या लिफ्टमधलं वाचन

आमच्या शाळेमागच्या रस्त्यावर कचेऱ्यांची एक अकरा मजली इमारत होती. तिच्यात तीन लिफ्ट माणसांच्या आणि एक मालाची. या चारही लिफ्ट ज्यांच्या हाती होत्या, त्या गृहस्थांना इमारतीतले सगळे 'वरखाले' म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. पहिल्यांदा कोणी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं म्हणे, आणि मग ते नाव कायमचं चिकटलं.

अंगाने किरकोळ, बोलणं बेताचं. लिफ्ट चालू असताना बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवून डोळे अर्धे मिटून उभे राहायचे, एखाद्या लेकराचा ताप बघावा तसे. आवाजावरून ते सांगत की सातव्या मजल्याच्या दाराचा रूळ कोरडा पडलाय. जाऊन बघावं तर खरंच कोरडा पडलेला असे.

माझी त्यांची ओळख मुलीमुळे झाली. ती माझ्याकडे पहिलीत होती. घरात तिला बटण म्हणायचे. चेहरा गोल म्हणून, आणि "बोट लावल्याशिवाय हालायची नाही म्हणून," हे तिच्या आईचं म्हणणं. वर्गात ती दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसे. अक्षर सुबक, वही स्वच्छ, मधल्या सुट्टीत मैदानावर इतर मुलींबरोबर कलकलाटही पुरेसा. पण वाचायला उभी केली की पुस्तकाच्या ओळीवर बोट ठेवून गप्प उभी. ओठ घट्ट मिटलेले. रडायची नाही, घाबरल्यासारखी दिसायची नाही. एखादी व्यक्ती बसथांब्यावर उभी असते तशी उभी राहायची. मी "बस" म्हटलं की बसायची.

चित्राला शब्द जोडायचा असेल तर तिचे सगळे शब्द बरोबर यायचे. मला वाटायचं, शेजारणीचं बघून लिहिते. आज हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तेव्हा मला तसं वाटायचं खरं.

आमच्याकडे प्रत्येक मुलाची निरोपाची वही असे. बाईंनी लिहायचं, घरच्यांनी वाचून सही करायची. दिवाळीच्या नव्हे, साध्या आठवडी सुट्टीच्या आधी मी बटणच्या वहीत लिहिलं: "वाचन होत नाही. घरी सराव घ्यावा."

सोमवारी उत्तर आलं. ठळक, सरळ अक्षरात: "तक्रार मिळाली. काम सुरू." खाली तारीख, वेळ आणि सही.

इतर पालक "बरं बाई" किंवा "लक्ष देतो" असं काहीतरी लिहीत. हे जरा वेगळं वाटलं, पण मी सोडून दिलं. तीन आठवड्यांनी दुसरी नोंद आली: "तपासले. वाचन सुरळीत चालू. सही." त्याच दिवशी मी बटणला उभी केली होती आणि ती ओळीवर बोट ठेवून गप्प राहिली होती. मी जरा टोचून लिहिलं: "वर्गात अजिबात वाचत नाही. कृपया गांभीर्याने घ्यावे."

उत्तर: "पुन्हा तपासले. आमच्याकडे व्यवस्थित चालते. दोष आढळला नाही."

ही ओळ मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली. चित्रकलेच्या बाई चहा पिता पिता ठसकल्या. म्हणाल्या, "अहो, अजून गॅरंटीत आहे का विचारून घ्या!" आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. पण मनात चीड होती. मुलगी वाचत नाही आणि बाप सही ठोकून मोकळा होतो, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एक नियम कडक केला होता. मार्चमध्ये त्या स्वतः पहिलीच्या वर्गात बसणार, प्रत्येक मूल सगळ्यांसमोर एक पान मोठ्याने वाचणार. जे वाचणार नाही ते पुन्हा पहिलीत. बटणच्या सगळ्या मैत्रिणी वर जाणार आणि ती एकटी, उंचीने सगळ्यांपेक्षा मोठी, पुन्हा माझ्यासमोर बसणार. फेब्रुवारी उजाडला तेव्हा मी वहीत लाल शाईने लिहिलं: "दोघांनी समक्ष भेटावे."

दोघं आले. शाळा साडेबाराला सुटायची आणि आईची एक वाजता इस्पितळाच्या धुलाईघरात पाळी लागायची, म्हणून ती दारातूनच घड्याळ बघत आली. वरखाल्यांनी हात इतके घासून धुतले होते की बोटं लाल झाली होती. खिशाला पेनांच्या रांगेत एक टेस्टर. मुलांच्या बाकावर ते गुडघे छातीशी घेऊन बसले.

"बाई, ती वाचते," त्यांनी सुरुवातच तशी केली.

"वर्गात वाचत नाही."

"आमच्याकडे वाचते. धडाधड. मग तुमच्याकडचं काहीतरी..."

"अहो!" आईने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "बाईंकडचं बिघडलंय म्हणता की काय? बाई, यांचं मनावर घेऊ नका. बोलतात कमी आणि बोलले की हे असं."

"मी बिघडलंय म्हटलं नाही. बघायला पाहिजे म्हणत होतो."

"तेच ते!"

मी बटणला आत बोलावलं आणि पुस्तक हातात दिलं. वडील म्हणाले, "वाच बेटा." बटणने बोट ओळीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ओठ मिटलेलेच.

मी मोठ्या बाईंचा नियम सांगितला. आईचं घड्याळाकडे बघणं थांबलं. "पुन्हा पहिलीत? म्हणजे ती सगळी पोरं पुढे जाणार आणि ही..." पदराने तिने बटणचं नाक पुसलं. नाक स्वच्छच होतं.

वरखाल्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाले, "बाई, आमच्या कामात दोष सापडेना की जिथे चालतं तिथे आधी बघतात. तुम्ही एकदा साइटवर याल का?"

"साइट म्हणजे?"

"मालाची लिफ्ट."

तेव्हा उलगडा झाला. आई कामावर, घरी कोणी नाही, म्हणून शाळा सुटली की ते मुलीला इमारतीत घेऊन जात. दुपारी दोनला मालाच्या लिफ्टची रोजची फेरी असे. तळापासून अकराव्या मजल्यापर्यंत, प्रत्येक मजल्यावर थांबत, दोनदा वर आणि दोनदा खाली. माझी पहिली तक्रार मिळाल्यापासून या फेरीत बटण कोपऱ्यात उभी राहून वाचत होती. 'काम सुरू' म्हणजे हे.

गुरुवारी दुपारी मी गेले. दारावरचा वॉचमन म्हातारा, गप्पिष्ट. त्याच्या टेबलावर लिफ्टच्या इंटरकॉमचा डबा होता. मालाच्या लिफ्टचा आवाज त्यावर दिवसभर चालू असे. वरखाले म्हणाले, "बाई, तुम्ही इथेच बसा. आत आलात तर ती वाचणार नाही."

"का?"

"ते मलाही कळत नाही. तिची आई आली तरी गप्प बसते. मी एकटा असलो की वाचते." आणि मुलीचा हात धरून ते आत गेले.

दार लागल्याचा आवाज आला, मोटर घुमली आणि डब्यातून एक आवाज बाहेर पडला. स्वच्छ, मोकळा, थोडा गाण्यासारखा. मी ओळखलाच नाही. पुस्तक दुसरीचं होतं. जोडाक्षरं येत होती आणि ती अडखळत नव्हती. एका म्हातारीची बोलकी कोंबडी हरवते अशी काहीतरी गोष्ट. कोंबडीच्या बोलण्याला तिने वेगळा, चिरका आवाज लावला होता. मी टेबलाची कड धरून बसले.

"रोज ऐकतो मी," वॉचमन म्हणाला. "काल त्या कोल्ह्याचं चाललं होतं. झकास वाचते. माझ्या नातवाला म्हटलं, बघ जरा, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे."

इतक्यात वाचन थांबलं. "कोंबडी म्हणाली, मी परत..." एवढ्यावर. दार उघडल्याचा आवाज, पावलं, कोणाचं तरी खोकणं.

"पाचवा मजला," वॉचमन म्हणाला. "कोणीतरी चढलं. आता थांबायचं."

"म्हणजे?"

"लोक चढले की ती गप्प. लोक उतरले की परत सुरू. बघा तुम्ही."

खोकणारा माणूस आठव्याला उतरला असावा. दार लागलं. आणि बटण "...येणारच होते" असं अगदी तिथूनच पुढे सुरू झाली. मधे श्वाससुद्धा नवा घेतल्यासारखा वाटला नाही.

"असं का करते?" मी विचारलं.

"नियमच आहे तिला. कामाच्या वेळी लिफ्टमध्ये लेकरू बडबडताना साहेब लोकांनी पाहिलं तर बोलणी खावी लागतील ना. म्हणून जूनमध्ये पोर पहिल्यांदा इथे आली त्याच दिवशी वरखाल्यांनी बजावलंय, लोक आले की एक शब्द नाही. इथे माझ्यासमोरच सांगितलं. पोर शहाणी, एकदाही चुकली नाही."

फेरी संपवून दोघं बाहेर आले. बटण मला पाहून हसली आणि वडिलांच्या मागे सरकली. वरखाल्यांनी विचारलं, "ऐकलंत? कुठे अडली का?"

"कुठेच अडली नाही. फक्त पाचव्यावर थांबली."

"तिथे लोक चढले. मीच सांगितलंय तिला, लोक असले की..."

ते तिथेच थांबले. वॉचमन काहीतरी बोलायला गेला, मी हाताने त्याला अडवलं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "वर्गात किती मुलं?"

"अडतीस."

ते रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले. मुलगी त्यांच्या खांद्याला टेकून उभी राहिली. "अडतीस," ते म्हणाले. "आणि मी तुम्हाला लिहितोय, दोष आढळला नाही."

मग मुलीला समोर उभी करून त्यांनी सांगितलं, "हे बघ. तो नियम फक्त लिफ्टमधला होता. वर्गात वाचायचं. सगळ्यांसमोर."

बटणने विचार केला. "आणि साहेब रागावले तर?"

"वर्गात कुठले साहेब?"

"मोठ्या बाई येतात ना दारात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाई दारात येत आणि रागावतही, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला उभी केली. ओळीवर बोट, ओठ मिटलेले. जूनपासून रोज पाळलेला नियम एका दुपारीत कसा सुटणार? परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

शनिवारी वही आली. पहिल्यांदाच एका ओळीपेक्षा मोठी नोंद होती. ती मी तेव्हा उतरवून ठेवली होती.

"तक्रार: वर्गात वाचन बंद. कारण: वडील. उपाय: भार चाचणी. नवी लिफ्ट बसवली की एकदम पूर्ण माणसं भरत नाहीत. आधी पाव भार, मग अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक वेळी ब्रेक बघायचा. घसरला तर भार कमी करून परत. अडतीसचा पाव साडेनऊ येतो. अर्धं मूल घेऊ नये. आमच्या बाजूची चाचणी मी आज करतो, तुमच्या बाजूची तुम्ही सोमवारपासून करावी. घाई करू नये."

मी हसले आणि मग ते पान दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत मला कोणी इतकी कामाची सूचना केली नव्हती.

त्यांच्या बाजूची चाचणी काय झाली ते वॉचमनने मला सांगितलं. ते पाचव्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांकडे गेले, म्हणजे ज्यांच्या भीतीने नियम घातला होता त्यांच्याकडेच. म्हणाले, "साहेब, आज मालाच्या लिफ्टने या. सहा मजले माझी मुलगी वाचेल. तुम्ही फक्त रागवायचं नाही." साहेबांना आधी काही उमजेना. पण आले. लिफ्टमध्ये सगळे करतात तसं छताकडे बघत उभे राहिले. बटणने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "वाच." दोन मजले गेले. मग इंटरकॉमवर एक बारीक आवाज आला, मांजरीच्या पिल्लासारखा. अकराव्याला साहेब काही न बोलता उतरून गेले.

"रागावले का?" बटणने विचारलं.

"नाही. रागावले असते तर बोलले असते."

माझ्या बाजूने मी सोमवारी तिला आणि तिच्या एका मैत्रिणीला व्हरांड्यात नेलं. पाव भारही मला जास्तच वाटला होता. मैत्रिणीला बटणने चार ओळी वाचून दाखवल्या. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून उभी होते. बुधवारी चौघी. शुक्रवारी नऊजणी, वर्गाच्या कोपऱ्यात चटईवर. पुढच्या मंगळवारी एकोणीस. तिथे घसरली. तिने कोंबडीचा चिरका आवाज काढला, एक मुलगा फिसकन हसला आणि तिने पुस्तक मिटलं. पुन्हा नऊवर यावं लागलं आणि तिथेही दोन दिवस नुसतं बोट. मी वहीत कळवलं: "अर्ध्या भाराला घसरली." उत्तर आलं: "होतं. घाबरू नये." हे मला लिहिलं होतं की तिला, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती नऊजणींसमोर पुन्हा वाचू लागली. मग एकोणीस, आणि त्या वेळी हसणाऱ्या मुलाला मी माझ्या शेजारी बसवला. तो मन लावून ऐकत होता आणि कोंबडी येताच माझ्या कानात म्हणाला, "आता येईल तो आवाज." पाऊण भाराला पोचेपर्यंत परीक्षेचा दिवस उगवला. पूर्ण भाराची चाचणी राहूनच गेली.

मोठ्या बाई खुर्ची घेऊन फळ्याशेजारी बसल्या, हातात यादी. मुलं एकेक करून वाचत होती. बटणचा नंबर आला तेव्हा पावणेअकरा झाले होते. ती पुढे आली, पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं.

काही नाही.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं पेन यादीवर टेकलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, थांबा, ती वाचते." मोठ्या बाईंची भुवई वर गेली, पण पेन हललं नाही. मी हाताची घडी घातली होती. ती घट्ट धरून उभी राहिले, कारण मदतीला पुढे गेले असते तर सगळंच गेलं असतं.

मग बटणने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ मला अर्धीच ऐकू आली. दुसरी सगळ्या वर्गाला. तिसऱ्या ओळीवर तिचा लिफ्टमधला आवाज आला, तो मोकळा. आणि नेमकं तेव्हाच दार ढकलून शिपाई सूचनेची वही घेऊन आत आला.

बटण थांबली. शब्दाच्या मधेच. शिपाई आपला सही घ्यायला मोठ्या बाईंपर्यंत चालत गेला, त्याच्या चपलेचा प्रत्येक आवाज मी मोजला. मोठ्या बाईंनी सही केली. बटण एकदा शिपायाकडे आणि एकदा मोठ्या बाईंकडे बघत होती. त्या दोघांत साहेब कोण, हे बहुतेक ठरवत असावी. शिपाई अजून वर्गातच होता, दार सताड उघडं होतं, आणि तिने तो अर्धा राहिलेला शब्द पूर्ण केला. पानावर खाली जे उरलं होतं, ते सगळं वाचलं. पान उलटून पुढचं सुरू केलं.

"अगं, पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकच पान होतं."

"पण गोष्ट संपली नाही," बटण म्हणाली. माझ्या वर्गात सगळ्यांसमोर पुस्तकाबाहेरचं हे तिचं पहिलं वाक्य. मोठ्या बाईंनी खुर्चीत मागे टेकून सांगितलं, "बरं, वाच."

वहीत लिहिता आलं असतं. पण सहा महिने त्या वहीत मी तक्रारीशिवाय काही लिहिलं नव्हतं, आणि हे पहिलं चांगलं तिथे लिहायला मन होईना. शाळा सुटल्यावर मी बटणला घेऊन इमारतीकडे गेले. वॉचमन म्हणाला, "खड्ड्यात आहेत. साफसफाई चाललीय." लिफ्ट वर अडकवून ठेवली होती, खालचं दार उघडं होतं आणि त्या चौकोनी अंधाऱ्या खड्ड्यात बॅटरीचा उजेड हलत होता.

बटण धावत पुढे गेली. मी तिचा फ्रॉक धरला आणि वाकून हाक मारली, "वरखाले!" आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना त्या नावाने हाक मारली.

"कोण, बाई? काय झालं?" उजेड हलायचा थांबला.

"दुसरीत गेली. अख्खी गोष्ट वाचली सगळ्यांसमोर."

मग खरखरीत फडक्याने हात पुसल्याचा आवाज, शिडी टेकवल्याचा आवाज. आधी त्यांचं डोकं वर आलं, केसांत धूळ, कपाळावर ग्रीसचा पट्टा. ते खड्ड्याच्या काठावर कोपरं टेकवून तिथेच राहिले, अर्धे आत, अर्धे बाहेर.

"खाली मोटरचा आवाज असतो, बाई," ते म्हणाले. मोटर बंद होती. "नीट ऐकू आलं नाही. परत सांगता का?"

"मी सांगते," बटण म्हणाली, आणि वॉचमन, मी आणि फाईली घेऊन लिफ्टची वाट बघत उभे असलेले दोन कारकून यांच्यासमोर तिने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.